दाराला टेकू म्हणून आलेला ट्रान्सफॉर्मर

ओळखीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी तो मला दिला तेव्हा म्हणाले, “घेऊन जा. जळलाय. दाराला टेकू म्हणून तरी लाव.” पाच-सहा किलोचा काळा बेकेलाइटचा ठोकळा. दोन्ही बाजूंना मोठे दांडे, मध्ये दोन छोटे नॉब. लायोनेल कंपनीचा झेडडब्ल्यू. खेळण्यातल्या आगगाड्यांचं वेड असलेल्या माणसाने या वस्तूला दाराशी ठेवणं म्हणजे सतारीचा बसायचा पाट करण्यासारखं आहे.

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लायोनेल ही १९०० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली कंपनी. तिच्या ओ गेजच्या (गेज म्हणजे रुळांमधल्या अंतराचं माप) गाड्या तीन रुळांवर चालतात. मधल्या रुळातून वीज येते, बाहेरच्या दोन रुळांतून परत जाते आणि सगळं एसीवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर, चालतं. भिंतीतली वीज वीस व्होल्टच्या आत आणायचं काम ट्रान्सफॉर्मरचं. झेडडब्ल्यू १९४८ मध्ये आला आणि १९६६ पर्यंत बनत राहिला. आधी २५० वॉटचा होता, पुढे २७५ वॉटचा झाला. एकाच डब्यातून चार वेगवेगळे व्होल्टेज मिळतात: ए, बी, सी आणि डी. चौघांची परतीची तार एकच, तिचं नाव यू. ए आणि डी हे दोन मोठे दांडे गाडीसाठी आणि त्यांच्यासोबत शिट्टी वाजवायची आणि दिशा बदलायची सोय. मधले बी आणि सी दिव्यांसाठी किंवा साइडिंगसाठी, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळासाठी. या २७५ वॉटच्या आकड्याने पुष्कळ जण फसतात. तो भिंतीतून घेतल्या जाणाऱ्या विजेचा आहे, रुळांना त्यापेक्षा बरीच कमी मिळते.

“जळलाय म्हणजे नेमकं काय झालं?” मी विचारलं होतं. उत्तर आलं, “प्लग लावला की घरातली वीज जाते. आणि त्याच्या आधी काही दिवस जळका वास यायचा.”

ही दोन लक्षणं मी एकाच आजाराची समजलो. ती माझी पहिली चूक.

मी आधी मल्टिमीटर लावला. प्लगच्या दोन पात्यांमध्ये ओहम मोजले तर जवळजवळ शून्य. प्रायमरी वाइंडिंग (भिंतीतली वीज घेणारी तारेची गुंडाळी) शॉर्ट झालं, संपलं, असं मनाशी म्हणून टाकलं. पण एवढ्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स मुळातच जेमतेम काही ओहम असतो, कारण एसीला अडवण्याचं काम तांब्याच्या रेझिस्टन्सचं नसतं, लोखंडी गाभ्यातल्या चुंबकत्वाचं असतं. स्वस्त मीटरच्या सुया टोकांना नीट टेकल्या नाहीत की एक-दोन ओहम आणि शॉर्ट यांतला फरक ओळखू येत नाही. तेव्हा एवढ्यावर निकाल देणं म्हणजे नाडी न बघता मृत्यूचा दाखला देणं.

मग आठवला सिरीजचा दिवा. रेडिओ दुरुस्त करणारे जुने लोक वापरायचे तोच: एका होल्डरमध्ये साधा तारेचा बल्ब, तो वायरच्या एका पदरात घातलेला, आणि पुढे सॉकेट. संशयित यंत्र त्या सॉकेटला लावायचं. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, पण बल्बापेक्षा जास्त करंट वाहूच शकत नाही, त्यामुळे ना वीज जाते ना काही पेटतं. यंत्र ठीक असेल आणि त्यावर काही भार नसेल तर बल्ब मिणमिणतो किंवा पेटतच नाही. एलईडी बल्ब इथे निकामी, तारेचाच हवा. मी साठ वॉटचा घेतला.

गंमत म्हणजे विजेवरच्या खेळगाड्यांच्या सुरुवातीच्या काळात घरोघरी ट्रान्सफॉर्मर नव्हते, तेव्हा काही गाड्या थेट घरच्या विजेवर चालायच्या आणि व्होल्टेज कमी करायला मध्ये असाच दिवा सिरीजमध्ये असायचा. म्हणजे दिवा आणि गाडी यांनी मिळून व्होल्टेज वाटून घ्यायचं आणि रूळ मात्र जिवंत विजेला जोडलेले! लहान मुलं गुडघ्यांवर रांगत त्या रुळांशी खेळायची. मेर्क्लिन या जर्मन खेळणी कंपनीने १९२६ मध्ये वीस व्होल्टची पद्धत आणली ती उगाच नाही.

तर बल्ब लख्ख पेटला. भरपूर उजेड. मी प्लग काढला आणि ट्रान्सफॉर्मर उघडायला घेतला.

उघडताना एक दिलासा असतो: आत कपॅसिटर नाही. प्लग निघाला की आत कुठेही वीज साठून राहत नाही. (या वाक्याला एक मोठा अपवाद आहे. तो मला नंतर समजला.) दांडे काढले, स्क्रू काढले, झाकण उचललं. आत धूळ, काळी कार्बनची भुकटी आणि मध्ये गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचा तो देखणा ठोकळा. तारेवरचं इनॅमल चार पट्ट्यांत मुद्दाम खरवडलेलं असतं. त्या उघड्या तांब्यावरून चार छोटे कार्बनचे रोलर फिरतात. दांडा हलवला की रोलर पुढच्या वेढ्यावर जातो आणि व्होल्टेज वाढतं. झेडडब्ल्यूची सगळी करामत एवढीच.

वाइंडिंगवर कुठेही करपल्याचा डाग नव्हता. मी आडवा होऊन टॉर्च मारून पाहिलं, नाक लावून वास घेतला. काही नाही. मग वायर जिथून आत शिरते तिथे बोटाने जरा दाबलं, आणि वायरवरचं रबर बिस्किटासारखं चुरा होऊन हातात आलं. आतल्या दोन्ही तारा उघड्या पडून एकमेकींना चिकटलेल्या. शॉर्ट इथे होता. वायर प्रायमरीच्या टोकांपासून सोडवली, दुसरी तार तात्पुरती जोडून पुन्हा सिरीजच्या दिव्यावर लावलं, तर बल्बातली तार नुसती लालसर झाली. तांबं ठणठणीत होतं.

हे असं का होतं याचा मी नंतर बराच विचार केला. तांबं, इनॅमल, लोखंडाच्या पट्ट्या यांना वयाने फारसं काही होत नाही. रबर मात्र हवेत आपोआप मरतं, वापरा किंवा न वापरा. या जुन्या ट्रान्सफॉर्मरांवर “जळला” असा शिक्का बसतो तेव्हा बहुतेक वेळा दोषी असतो तो सगळ्यात स्वस्त भाग. आता कुणी मला जुना ट्रान्सफॉर्मर दाखवला की मी आधी वायर वाकवून बघतो. कुरकुर आवाज आला तर प्लग लावतच नाही, कितीही “चालू आहे हो” म्हणाले तरी.

नवी वायर घालायला वेळ लागला नाही. एक पातं रुंद आणि एक अरुंद असलेला प्लग मुद्दाम घेतला, म्हणजे तो सॉकेटात उलटा बसणारच नाही. त्याचं कारण पुढे येईल. आत शिरल्यावर वायरच्या दोन पदरांची अंडररायटर्स गाठ मारली. ही गाठ अशी असते की कुणी वायरीला हिसका दिला तर ताण गाठीवर येतो, डाग दिलेल्या जोडावर नाही. जोड झाळले, वरून श्रिंक ट्यूब चढवली. अर्ध्या तासाचं काम.

इथे थांबलो असतो तर ट्रान्सफॉर्मर चालू झाला असता. पण जळका वास? त्याचा उगम वायरीत नव्हता.

तो होता ए बाजूच्या रोलरमध्ये. रोलर गोल असायला हवा, हा एका बाजूने सपाट घासला गेला होता. सपाट झाला म्हणून फिरेना, फिरेना म्हणून आणखी घासला जाई. शेवटी त्याला धरणारा धातूचा हात तांब्याला टेकायला लागला होता. आता कार्बनच का वापरतात, हे त्या क्षणी मला खऱ्या अर्थाने समजलं. रोलर एका वेढ्यावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर दोन्हींना एकदम टेकतो, म्हणजे त्या दोन वेढ्यांना आपसांत जोडतो. तिथे धातू असता तर तो एकच वेढा शॉर्ट होऊन त्यात प्रचंड करंट फिरला असता. व्होल्टेज किरकोळ, पण तापमान भयंकर. कार्बनला स्वतःचा रेझिस्टन्स असतो, त्यामुळे तो करंट आवाक्यात राहतो. माझ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये कार्बन संपून धातूने त्याची जागा घेतली होती. वास त्याचा.

रोलर बदलणं हे या सगळ्यातलं हाताचं काम. रोलर एका पोकळ रिव्हेटवर फिरतो. जुन्या रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवायचं, नवा रोलर आणि नवी रिव्हेट बसवायची आणि रिव्हेटचं तोंड पंचने फुलवायचं. ऐकायला सोपं. पहिल्या रोलरवर मी हातोडी जरा उत्साहाने मारली. टक् असा आवाज आला आणि रोलरचे दोन तुकडे झाले. कार्बन काचेइतकाच माफ करतो. दुसऱ्या खेपेला घाबरून इतकं हलकं मारलं की रिव्हेट सैल राहिली आणि रोलर डुगडुगायला लागला. तिसऱ्या वेळी मध्ये कागदाची एक बारीक पट्टी ठेवली, रिव्हेट फुलवली, मग पट्टी ओढून काढली. तेवढी फट बरोबर पुरली. रोलर बोटाने गिरकी घेऊ लागला. मग चारही बदलले. एक घासला गेला असेल तर बाकीचे तीन काही वेगळ्या गावचे नव्हते.

तांब्याचे पट्टे साफ करताना पोलादी लोकर मुळीच वापरायची नाही. तिचे तुटलेले धागे वेढ्यांच्या मध्ये जाऊन बसतात, आणि वर सांगितलेला शॉर्ट आपणच हाताने तयार करतो. मी पेन्सिलीचं साधं खोडरबर वापरलं आणि मग अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस. कार्बनची काळी माखण निघाली आणि खाली गुलाबी तांबं लखलखलं. तेल, ग्रीस तिथे नको. फिरणाऱ्या दांड्यांच्या आसांना कणभर पुरे.

आता शिट्टी. लायोनेलची शिट्टी वाजवण्याची युक्ती मला फार आवडते. गाडी एसीवर चालते. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, एक रिले (विजेने खेचला जाणारा स्विच) असतो. त्याला एसीचं सोयरसुतक नाही, पण त्याच रुळांवर थोडा डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) मिसळला की तो खेचला जातो आणि शिट्टीची मोटर सुरू होते. म्हणजे वेगळी तार नाही, वेगळा रूळ नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये दांडा दाबला की एक रेक्टिफायर (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) वाटेत येतो, एसीची एक बाजू कापली जाते आणि डीसी तयार होतो. त्याने गाडी मंदावू नये म्हणून त्याच वेळी एक जादा वाइंडिंग थोडं व्होल्टेज वाढवून देतं. दांडा पहिल्या टप्प्यावर असतो तेव्हा डीसी जोरात, कारण रिलेला खेचायला ताकद लागते. पुढच्या टप्प्यावर रेक्टिफायरला समांतर एक रेझिस्टन्सची तार जोडली जाते आणि डीसी उतरतो, कारण एकदा खेचलेल्या रिलेला धरून ठेवायला थोडाच पुरतो. ना चिप, ना ट्रान्झिस्टर. दांडा, तार आणि एक चकती.

ती चकती कॉपर ऑक्साइडची असते आणि वयाने गळकी होते. दोन्ही दिशांनी वीज जाऊ देऊ लागली की डीसी तयारच होत नाही. माझ्या दोन्ही बाजूंच्या चकत्यांची हीच कथा होती. त्यांच्या जागी आजकाल सिलिकॉनचा जाडजूड स्टड डायोड बसवतात, खाली बोल्टासारखे आटे असलेला. तो पत्र्याला घट्ट आवळला की उष्णता पत्र्यात जाते. माझ्या सुट्या भागांच्या डब्यात तसे काही होते, दिसायला जुळे भाऊ. त्यांतले दोन बसवले.

झाकण लावायच्या आधी भार देऊन पाहिलं. भार म्हणून मोटारीच्या हेडलाइटचे बारा व्होल्टचे बल्ब उत्तम, एकेक बल्ब चार-साडेचार अँपिअर खातो आणि व्होल्टेज किती आहे ते उजेडावरून डोळ्यांना कळतं. चारही बाजू चालू. माझ्याकडे भिंतीत १२० व्होल्ट, कधी त्याहून दोन-तीन जास्त. हा ट्रान्सफॉर्मर बनला तेव्हा घरगुती वीज ११५-११७ व्होल्टची धरत, त्यामुळे वरच्या टोकाला वीसऐवजी एकवीसच्या आसपास मिळतात. जुन्या इंजिनांना चालतं, पण दिवे लवकर जातात. (भारतातल्या २३० व्होल्टला हा थेट लावायचाच नाही हे सांगायला नको. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन वापरला तरी साठ हर्ट्झसाठी बनलेला गाभा पन्नासवर जास्त गुरगुरतो आणि जास्त तापतो.)

मग सर्किट ब्रेकर. मी यू आणि ए मुद्दाम शॉर्ट केले आणि मनात आकडे मोजायला लागलो. वीसपर्यंत पोचलो, जोडलेली तार हाताला गरम लागायला लागली, तेव्हा कुठे आतून टक् झालं. आत दोन धातूंची पट्टी तापून वाकते, तेव्हा सर्किट तुटतं. तिला तिचा वेळ लागतो. त्याहून वाईट म्हणजे हा ब्रेकर फक्त यूच्या वाटेवर आहे. ए आणि डी वेगवेगळ्या व्होल्टेजवर असताना इंजिनाने एका ब्लॉकमधून (वेगळी वीज दिलेल्या रुळाच्या तुकड्यातून) दुसऱ्यात जाताना दोन्ही जोडले, तर तो करंट यूमधून जातच नाही. ब्रेकर आपला शांत बसलेला आणि तुमची वायर वितळतेय. म्हणून ए आणि डीवर बाहेरून दहा अँपिअरचे जलद ब्रेकर लावले. मूळ वस्तूला हात लावू नये असं मानणारे यावर नाक मुरडतील. मुरडू देत.

आता तो अपवाद.

माझा रूळ तोवर एका छोट्या ट्रान्सफॉर्मरवर चालत होता, लायोनेलचाच नव्वद वॉटचा १०३३. झेडडब्ल्यू त्याच रुळाला जोडून बघू म्हणून मी दोन्ही जोडले. आधी फेज, म्हणजे दोघांच्या विजेची दिशा एकाच वेळी बदलते का, ते तपासायला हवं होतं: दोघांच्या परतीच्या तारा एकत्र करायच्या, दोघांचे व्होल्टेज सारखे ठेवायचे आणि एकाच्या मधल्या रुळाच्या तारेपासून दुसऱ्याच्या तशाच तारेपर्यंत मोजायचं. शून्याच्या जवळ आलं तर जुळलं. दुप्पट आलं तर एकाचा प्लग उलटा करायचा. रुंद-अरुंद पात्यांचा प्लग याचसाठी, एकदा जुळलं की कायमचं जुळलं. हे सगळं मला ठाऊक होतं. ते तपासण्यासाठीच मी झेडडब्ल्यूचा प्लग भिंतीतून काढून टेबलावर ठेवला आणि मीटर आणायला वळलो. वळताना मनगट प्लगच्या पात्यांना लागलं.

झटका असा बसला की मीटर हातातून उडालं.

भिंतीतून काढलेला प्लग! मिनिटभर काही सुचेना. मग लक्षात आलं. १०३३ चालूच होता. त्याचे सोळा व्होल्ट रुळातून झेडडब्ल्यूच्या सेकंडरीत (रुळाला वीज देणाऱ्या गुंडाळीत) शिरत होते, आणि ट्रान्सफॉर्मरला कुठली बाजू पुढची आणि कुठली मागची ते कळत नाही. सेकंडरीत सोळा घातले की प्रायमरीत शंभराच्या आसपास किंवा वर बाहेर, म्हणजे थेट उघड्या पात्यांवर. दांडा खालच्या व्होल्टेजवर असेल तर कागदावरचं गणित आणखी वर जातं. मीटर लावलं, शंभराच्या पुढचा आकडा दिसला. मुलगी दारात उभी होती. “बाबा, काढलेल्या प्लगमध्ये वीज कशी?” मी तिला बसवून कागदावर दोन गुंडाळ्या काढून समजावलं. खरं तर स्वतःलाच समजावत होतो. त्या दिवसापासून दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकाच स्विचबोर्डावर आहेत. बंद होतात तेव्हा एकत्रच होतात. झेडडब्ल्यूला स्वतःचं बटणच नाही, तेव्हा तसंही ते हवंच होतं.

झाकण लागलं. दांडे बसले. पहिली गाडी जुन्या वाफेच्या इंजिनाची. ए दांडा सरकवला, गुरगुर, मग चाकं फिरली. शिट्टी दाबली, वाजली. दिशा बदलणारा दांडा दाबून सोडला, वीज क्षणभर तुटली, इंजिनातला ड्रम एक घर पुढे सरकला, गाडी थांबली. पुन्हा दाबला, मागे निघाली. डी बाजूनेही तेच. मग मुलीने तिचं नवं इंजिन रुळावर ठेवलं, ज्यात आवाज इलेक्ट्रॉनिक्समधून येतात. डी दाबलं, शिट्टी. ए दाबलं, घंटा.

“बाबा, इकडे घंटा वाजते!”

नव्या इंजिनांना डीसीची दिशा कळते. एका दिशेला शिट्टी, उलट दिशेला घंटा. जुन्या टेंडरच्या रिलेला दिशेचं काही वाटत नाही, म्हणून पहिल्या चाचणीत कळलं नाही. भिंग घेऊन डब्यातला तसाच तिसरा डायोड पाहिला तर नंबरच्या शेवटी बारीक ‘आर’ छापलेला. स्टड डायोड दोन तऱ्हेचे येतात, एकात कॅथोड आट्यांकडे, दुसऱ्यात अॅनोड. माझ्या जुळ्या भावांपैकी एक उलट्या स्वभावाचा होता.

मी स्क्रूड्रायव्हर उचलला तर ती म्हणाली, “नको ना. एकीकडे शिट्टी, एकीकडे घंटा, हेच बरंय.”

तळाला मी एक चिठ्ठी चिकटवली आहे, पुढे कधी कुणी उघडेल त्याच्यासाठी: वायर बदलली, रोलर चार बदलले, डायोड दोन, ए बाजूचा उलटा आहे, चुकून झालं, मग तसंच ठेवलं.